ऊब

गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाला, सावरगावच्या वाटेवर,
सुकदेव पिंगळ्यांच्या द्राक्षबागेच्या कडेला
आमचं चाकांवरचं घर उभं आहे डिसेंबरपासून.
पिंगळे त्याला जोडगाडी म्हणतात. हेमलता म्हणते, डबा.
अंबडला बनवून घेतला : पलंग, ओटा, पंधरा लिटरचा गिझर
आणि पोटातून निघणारी पंचवीस मीटर काळी वायर,
जी खांबावरच्या पेटीत खोचली
की आम्ही संसारी होतो.

वायर माझ्याकडे.
लागते तेवढी सोडायची, आठ-नऊ मीटर,
उरलेली पायरीखाली, वेटोळ्यावर वेटोळं,
बँकेत नोटांची बंडलं रचायचो तशी.
शिस्त दिसली पाहिजे.

हेमलता तेहतीस वर्षं एकलहऱ्याच्या कंट्रोल रूममध्ये.
शेकडो मेगावॅट तिच्या नजरेखालून राज्यभर गेले
आणि घरचा बल्ब मीच बदलायचो.
ऑफिसचं काम घरी नको, म्हणायची.

जानेवारीत पारा पाचावर उतरला त्या आठवड्यात
बागेतली तांबडी कुत्री
नेमकी त्या वेटोळ्यात येऊन झोपू लागली.
मी फोटो काढला. म्हटलं, बघ, लळा लागला.
हेमलतेनं फोटो पाहिलाच नाही.
चप्पल घालून खाली उतरली,
कुत्रीला सरकवून वायरीवर तळहात ठेवला,
तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
"गिझर बंद कर. हीटर पण. आधी."

प्लग उपसला, तर एक पिन तपकिरी,
भोवतीचं प्लास्टिक खजुरासारखं मऊ.
"गुंडाळलेल्या तारेला उष्णता टाकायला जागा नसते,"
ती म्हणाली, "आतल्या आत तापत राहते."
मला वाटलं, आता पुढे काही बोलेल, आमच्याबद्दल.
नाही बोलली.
ती वायरीबद्दलच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सातपूर.
काउंटरवर इलियास मणियार :
"अडीच स्क्वेअर चालते ताई, सगळे तीच नेतात."
"सहा द्या. तांब्याची, लवचीक, रबरी कवचाची.
आणि बत्तीस अँपिअरचा निळा प्लग, झाकणासकट."
आकडा ऐकून माझा खिशातला हात खिशातच राहिला.
तिनं तिच्या पेन्शनमधून मोजले.

मग खांबावर नवी पेटी, नवा ब्रेकर.
अर्थिंग तपासलं, तर नव्हतंच.
"पंप बारा वर्षं असाच चालतोय, मॅडम."
"पंप नाही, पिंगळे, तुमचं नशीब चालतंय."
खड्डा खणला. कोळसा, मीठ, घागरभर पाणी.
स्क्रू आवळायला मला दिले.
"अजून."
आवळला.
"अजून अर्धा फेरा. सैल जोड आग लावतो."
प्लगाखाली वायरीला एक झोळ सोडायला शिकवलं,
दव तिथून खाली गळावं, पेटीत शिरू नये म्हणून.

आता वायर गवतावर सगळीच्या सगळी पसरलेली,
वेडीवाकडी, कुणाच्या पायात येईल अशी.
माझा हात शिवशिवतो. आवरतो.

रात्री गिझर, हीटर, किटली, तिन्ही लावून
तिनं पुन्हा तळहात ठेवला. गार.
तिचा चेहरा पाहिला मी टॉर्चच्या उजेडात.
कंट्रोल रूममध्ये मी कधीच गेलो नव्हतो.

कुत्री आली.
वायर हुंगत गेली या टोकापासून त्या टोकापर्यंत,
स्वतःभोवती एक फेरी मारली,
आमच्याकडे पाहिलं, हिशेबात काही राहून गेल्यासारखं,
आणि बागेत निघून गेली.

मी द्राक्षाच्या क्रेटमध्ये गोणपाट अंथरलं.
पहाटे हात लावला. गोणपाट गारच.

"गिझरचं पाणी बाटलीत भरून ठेव तिच्यासाठी,"
पांघरुणातून हेमलता म्हणाली.
मी बाटली भरली, झाकण लावलं.

"अजून अर्धा फेरा."