अतिरंजित

परीक्षणात माझ्या नाटकाला साडेचार ओळी आल्या.
त्यातली एक नाव चुकवण्यात गेली.
पुढे पिंपळापुरे लिहितात :
'साहेबाचे पात्र अतिरंजित. असा माणूस असत नाही.
विनोद हसवतो, पण त्यापलीकडे जात नाही.'

पलीकडे म्हणजे कुठे, पिंपळापुरे?
वर्धा रोडनं लागतं का?

भुसारी साहेब मी अर्धे कापून लिहिले होते.
हेडाऊचे वडील गेले तेव्हा रजेच्या अर्जावर
लाल शाईतला शेरा : 'पूर्वकल्पना का दिली नाही?'
तो मी गाळला. खरा वाटला नसता.
मे महिन्यात विभागाच्या तीनही कुलरांची तोंडं
केबिनकडे वळवलेली; आमच्या वाट्याला वाळ्याचा नुसता वास.
नाटकात एकच कुलर ठेवला,
भाड्यात तेवढाच बसला.

आणि त्यांचा तो विनोद, म्हैस आणि तहसीलदाराचा,
दर सोमवारी अकराला.
आधी उपअभियंता हसायचे, मग हेडक्लार्क,
मग आम्ही, टेबलाच्या क्रमानं.
सतरा वर्षांत तो एकदाही पडला नाही.
त्याच्यावर कोणी साडेचार ओळी लिहिल्या नाहीत.

प्रयोगाला साहेब आले. पहिली रांग, मधली खुर्ची.
पोट धरून हसले.
मध्यंतरात आलुबोंड्याचं तेल रुमालाला पुसत म्हणाले,
"असाच एक होता ना गोंदियाले, सेम टू सेम!
तुम्ही त्याले कुठं पाह्यलं बाई?"

दुसऱ्या अंकात ते नुसते खाकरले,
आणि साहेबाच्या खुर्चीत साहेब होऊन बसलेला हेडाऊ
ताडकन उभा राहिला. सवयीनं.
सगळं सभागृह फुटलं.
माझी नणंद पिंपळापुऱ्यांच्या मागे बसली होती;
सांगत होती, तेही हसले, चष्मा काढून डोळे पुसले,
मग कोणी पाहिलं का म्हणून मागे वळले.
शेवटची अर्धी ओळ त्याचीच आहे :
'खुर्चीतून उठण्याची जागा मात्र दिग्दर्शकाला सुचलेली.'

हेडाऊ त्या रात्री मेकअप न पुसताच
अजनीपर्यंत स्कूटरवर माझ्यामागे बसून आला,
एक शब्द बोलला नाही.

सोमवारी शेषरावनं विचारलं,
"पेपरात काय आलं बाई?"
म्हटलं, असा माणूस नसतो म्हणे.
केबिनची घंटी वाजली. पुन्हा वाजली.
शेषराव ट्रेमधल्या कपाचा कान उजवीकडे फिरवत होता,
साहेबांना तसाच लागतो.
"मंग हे कोन वाजवून राह्यलं?"
म्हणाला, आणि गेला.