हेल्टरमाला जाताना

चौकीवरच्या पोराने आधी गाडीचं वजन विचारलं,
मग काचेतून मागे डोकावला.
वॉशिंग मशीन, मी म्हटलं. लेइलीआत्यासाठी.
पट्टे सोडा, तो म्हणाला, दारांना कुलूप नको.
पंचवीसच्या आत चालवा, नाहीतर चाळिसाच्या वर,
मधला वेग बर्फाला सोसत नाही.
आणि दांडी वर केली,
कुठल्याही टोलनाक्यावर करतात तशी.

सात हिवाळ्यांनी समुद्र एवढा गोठला होता.
उतरताना चाकांचा आवाज पोकळ झाला,
रिकाम्या पिंपावर थाप पडावी तसा.

फोन शंभरेक मीटर काही बोलला नाही.
मग सौम्यपणे: जमेल तिथून मागे वळा.
मग: मागे वळा.
फेरीबोट पाच चाळीसला आहे.
त्याच्या नकाशात रस्ता रोहुक्युलाच्या धक्क्याशी संपत होता,
पुढे सगळं निळं,
आणि त्या निळ्यात आमचा निळा ठिपका
पांढऱ्या कडेमुळे तेवढा दिसत
सरकत होता,
पोहायला कधी न शिकलेल्या माणसासारखा निवांत.

"काय म्हणते ही बाई?" एंदेलने विचारलं.
माझा सासरा. ऐंशीला टेकलेला, डाव्या कानाने अधू.
"म्हणते, आपण बुडालोय."
"कधी?"
"झाली चौदा मिनिटं."
त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

रस्त्याच्या कडेने जुनिपरच्या फांद्या रोवलेल्या,
हिरव्या, ताठ, एकाच बाजूला कललेल्या.
एकेक मागे पडताना त्याचे ओठ हलत होते.
कोल्खोझच्या दिवसांत हे काम त्याचं:
एक घोडा, एक पहार, फांद्यांची मोळी.
भोक पाडायचं, फांदी उभी करायची,
बुंध्याशी बादलीभर पाणी ओतायचं
आणि पुढच्या फांदीकडे निघायचं.
मागे वळून बघेपर्यंत घट्ट.
"बर्फ करकरतो तोवर भ्यायचं नाही," तो म्हणाला.
"गप्प बसला की उतरून चालायचं."
मी रेडिओ बंद केला.

अर्ध्या वाटेवर त्याने डावीकडे हात केला.
तिथे रुडीचा ट्रक गेला. बटाट्यांचा.
रुडी वाचला, टोपीसुद्धा वाचली.
पण मे महिनाभर किनाऱ्याला बटाटे लागत होते
आणि बायका ते उकडून बघत होत्या,
खारट आधीच, मीठ वाचलं म्हणत.

फोनवर तिथे काही नव्हतं.
बोट टेकवलं तर दोन आकडे आले,
दशांशचिन्हापुढे सहा सहा घरं,
त्यात रुडी नाही, बटाटे नाहीत.

बेटाजवळ एका भेगेवर फळ्या टाकलेल्या होत्या.
फळ्या वाजल्या. कोणी काही बोललं नाही.
मागे वळा, ती म्हणाली, आणि मी आवाज बंद केला.
रागाने नव्हे,
तिचाच गळा दाटून येतोय असं वाटायला लागलं होतं.

मग चाक जमिनीला लागलं
आणि ती पडद्यावर लिहिती झाली:
सरळ चला, सहा किलोमीटर.
जणू आम्ही बोटीतूनच उतरलो.

जुलैत तोच प्रवास फेरीबोटीने.
एंदेल वाटाण्याचं सूप पीत होता,
मी फोनमधली जुनी ठिकाणं चाळत होते.
फेब्रुवारीत बोट थांबलं.
निळ्यावर एक बारीक रेघ, या काठापासून त्या काठापर्यंत.
पाण्यावरची रेघ. पुसली नव्हती.
खाली प्रश्न: इथे रस्ता आहे का? आम्हाला कळवा.

फोन त्याच्यापुढे धरला.
त्याने चष्मा कपाळावर चढवून, नाक लावून पाहिलं.
"सगळी सरळ आहे," तो म्हणाला,
"इथे एवढीशी वाकडी का?"

"तुम्ही हात केलात तेव्हा
मी डावीकडे बघितलं होतं."

सूप तसंच ठेवून तो डेकवर गेला.
मी काचेतून बघत होते.
कठड्याला धरून, मान थोडी उजवीकडे वळवून,
धडका कान पाण्याकडे करून उभा होता.