बारा अक्षरं

कमिटीची चिठ्ठी आली तेव्हा
इद्रिस पेन्री छिन्नीला धार लावत होता.
वेल्सच्या त्या गावात छपरं पाटीच्या दगडाची,
कुंपणं पाटीची,
मेलेल्यांच्या उशाशीही पाटीच.

मजकूर असा: एमरिस हॉपकिन, गोलकीपर.
साल एकोणीसशे एकवीस, अडवलेल्या पेनल्टी दोन.
आणि खाली तो लांबलचक इंग्रजी शब्द,
इमॉर्टलाइज्ड.
बारा अक्षरं, अक्षरामागे चार शिलिंग.

शब्दात एस घालायचा की झेड,
यावर तीन बैठका झाल्या होत्या.
खजिनदाराने विचारलं, दगडात स्वस्त कुठलं?
इद्रिस म्हणाला, दर एकच.
वळणाच्या अक्षराला शिव्या तेवढ्या जास्त लागतात.

मग त्याने शब्दकोश काढला,
पाठ उसवलेला, डिंकाच्या वासाचा.
अमर करणे. कीर्ती टिकवणे.
आणि बारीक टायपात: सकर्मक.
म्हणजे करणारा वेगळा,
केला जाणारा वेगळा,
आणि केला जाणारा बहुधा मेलेला.

आपण अजरामर म्हणतो
तेव्हा आधी म्हातारपण खोडतो, मग मरण.
तो शब्द नुसता मरणाचं बोलतो,
म्हातारपणाची हमी घेत नाही.
इद्रिसला हे कुणी शिकवलं नव्हतं.
त्याने बापाने कोरलेल्या पाट्या पाहिल्या होत्या:
शेवाळाने तोंड बुजलेले ओ,
आडवी रेघ झिजून
आय होऊन बसलेले टी.

सरावासाठी त्याने एका उरलेल्या तुकड्यावर
तो शब्द आधी कोरून पाहिला.
बरा जमला. एस जरा पोटावर सुटला.

त्या संध्याकाळी मॉर्विथ आली, एमरिसची बहीण,
सत्तरीची, ओल्या छत्रीसकट आत.
तुकड्यावरून बोट फिरवत म्हणाली,
पहिली त्याने अडवली, इद्रिस.
दुसरी वाऱ्याने.
त्याच रात्री बूट काढताना म्हणाला मला,
आणि गप्प राहा म्हणाला.
एक्केचाळीस वर्षं गप्प राहिले.
लोक खांद्यावर घ्यायचे ना त्याला,
उतरायला लाजायचा.

कमिटीची चौथी बैठक
रात्री उशिरापर्यंत चालली.
कोण काय म्हणालं ते इतिवृत्तात नाही.

मैदानाच्या फाटकाशी आज ती पाटी आहे.
नाव, साल,
आणि खाली त्यांच्या स्वतःच्या भाषेत:
पहिली त्याने. दुसरी वाऱ्याने.
अक्षरं बारापेक्षा बरीच जास्त.
वरच्या अक्षरांचं बिल इद्रिसने लावलं नाही,
खजिनदारानेही आठवण केली नाही.

तो तुकडा मात्र कारखान्यातच राहिला.
इद्रिस त्यावर गरम किटली ठेवतो.
चहाची वर्तुळं एकात एक बसत गेलीत,
मधला ओ त्यात हरवलाय.
कर्म न मिळालेलं क्रियापद,
रोज दोनदा पोळतं,
आणि कुणालाही अमर करत नाही.