विषय क्रमांक चार

क्षेत्रीय कार्यालय, दुसरा मजला.
पंख्याने उडू नयेत म्हणून
पेपरवेटऐवजी पाण्याच्या बाटल्या ठेवलेले कागद.
इतिवृत्त लिहायचं काम माझं, एकोणीस वर्षं.
विषय क्रमांक चार : धायरीतला डेंग्यू.
रकाने तीन : विभाग, अभिप्राय, कार्यवाही.

आरोग्य म्हणालं, फवारलं. दोनदा फवारलं.
पाणीपुरवठा म्हणाला, पाणी शुद्ध आहे, दाखला जोडलाय.
बांधकाम म्हणालं, हे आमच्याकडे येत नाही.
घनकचरा रजेवर होतं.

मग परचुरे डॉक्टरबाईंनी पिशवीतून जॅमची बरणी काढली.
आत नळाचं नितळ पाणी,
त्यात स्वल्पविरामासारखं काहीतरी वळवळणारं,
वर येऊन श्वास घेणारं, पुन्हा खाली जाणारं.
"गटारात नाही सापडल्या या अळ्या.
घरातल्या पिंपात सापडल्या.
हा डास टापटिपीचा आहे, त्याला घाण पाणी चालत नाही.
आपल्यासारखाच."
हसलं कुणी नाही.
आमच्याकडे असल्या वाक्याला हसत नाहीत,
लक्षात ठेवतात.

नौशाद मुलाणी, आकडेवारीवाला, अकरा महिन्यांच्या करारावरचा,
त्याने नकाशा पसरला.
लाल ठिपके. टेकडीच्या अंगाला दाट, हमरस्त्याकडे तुरळक.
"कुठे ते सांगू शकतो, सर.
का ते मला माहीत नाही."
माझं पेन थांबलं.
माहीत नाही, हे या खोलीत
मी पहिल्यांदा ऐकत होतो. त्याला रकाना नव्हता.

दारात हिरामण खुटवड उभा होता,
ओव्हरटाइमच्या सहीसाठी आलेला,
व्हॉल्व्हची लोखंडी चावी खांद्याला टेकवून.
त्याला कुणी बोलावलं नव्हतं.
तो नकाशाकडे बघत म्हणाला,
"हा तर माझा राउंड आहे.
जिथं ठिपके, तिथं मी रात्री तीनला पाणी सोडतो.
दिवसाआड. कधी चौथ्या दिवशी.
चढाला दाब नाही, म्हणून चढ शेवटी.
बाया उठतात, पिंप भरतात.
पुढचं कधी येईल ठाऊक नाही,
तर जुनं कोण ओतून देईल?"

बाकावर सकाळपासून कौसाबाई रणपिसे बसल्या होत्या,
दंडाची पावती पदराच्या गाठीत.
"पिंप कोरडं ठेवा म्हणून पाचशे घेतले.
कोरडं ठेवलं तर पोराला अंघोळ कशानं घालू? या पावतीनं?"
मग जरा थांबून, कुणाकडेच न बघता,
"थोडं द्या, पण सांगून द्या.
सांगून आलेल्या पाण्याला पिंप लागत नाही.
बादली पुरते."

यापुढचं नीट लिहिता येत नाही.
सही करतानाही न वाकणारे उपअभियंता टिळेकर
नकाशावर वाकले,
हिरामणच्या हातात पेन्सिल दिली.
डॉक्टरबाई म्हणाल्या, अंड्याचा डास व्हायला आठवडा धरा.
नौशाद बोटांवर वार मोजू लागला.
कौसाबाई म्हणाल्या, शनिवार नको, शनिवारी सगळी बिगारीला जातात पहाटेच.
हिरामणने एक रेघ ओढली, खोडली, पुन्हा ओढली.
"चढाला आधी सोडलं तर उतार ओरडेल, साहेब.
उताराकडं फोन नंबर आहेत.
चढाकडं नाहीत."

सगळे गप्प झाले.
बरणीत अळी वर आली, खाली गेली.
या वाक्यावर फवारायला
कुठल्याच विभागाकडे काही नव्हतं.

चहा आला, निवला.
डॉक्टरबाईंनी सुरू केलेलं वाक्य कौसाबाईंनी संपवलं होतं,
मध्ये नौशादचा आकडा, हिरामणची रेघ.
अभिप्राय कुणाचा लिहू?
मी पट्टी बाजूला ठेवली
आणि तिन्ही रकान्यांवरून आडवं लिहीत गेलो.

कागद तिसऱ्या दिवशी परत आला.
शेरा : नमुन्याप्रमाणे सादर करावे.
केलं.

पण परवा त्या चढावरून जाताना
पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर खडूची अक्षरं दिसली,
ओळ वाकडी, हात चावीला सरावलेला :
मंगळवार, शुक्रवार. सकाळी सहा.
खाली दुसऱ्या कुणीतरी
कोळशाने लिहिलं होतं,
बघू.