कूलर बंद कर

कूलर बंद कर म्हणते, आवाज येते म्हणते.
मे महिना, दुपारचा एक, तांडापेठ,
पत्र्याखाली आम्ही तिघं,
अन् भूपेशचा हात लांब, हातात मोबाईल,
जसा पतंगाले ढील देऊन राहिला.

टॉवेल डोक्यावर घेतला, झाला मी.
खांद्यावर टाकला, झाला घरमालक निनावे.
नाकाले माही टिकली चिपकवली, ती फुली,
पण दिसते उजवीकडं.
मोबाईल उलटंच दाखवते आई, म्हणे.

तीन लाख लोकायनं पाहिलं.
तीन लाख!
आमच्या गल्लीत तीनशे नाहीत,
त्यातले बारा बोलत नाहीत आमच्याशी.
परवा राशनच्या लाइनीत एक बाई
माह्याकडं पाहून म्हणे,
"अवो, नळ आला का गेला?"
माहंच बोलणं, माह्याच तोंडावर,
अन् माह्यापेक्षा बरं म्हटलं तिनं.

पैसे? नाई बाप्पा.
एका दुकानानं गॉगल दिला. तो घालून जेवते.

दिवाळीपासून याचा बाप दिवाणावर आहे.
उजवं अंग गेलं, बोलणं गेलं.
ऑटो होता, गोळीबार चौकात उभा राहे.
त्या दिवशी पोट्ट्यानं खुंटीवरचा खाकी शर्ट काढला.
मी म्हटलं, त्याले हात नोको लावू.
ऐकलं नाई.
दोन बटनं उघडी, मान तिरपी, कोपर बाहेर,
"बर्डी बर्डी बर्डी!
एक शीट, एकच शीट, काकू सरका जराशा!"
(एक शीट कधीच नसे. पाच लोकं बाकी राहत,
अन् काकू सरकत.)

दिवाण कुरकुरला.
माणूस हसला, डाव्या गालानं,
डावाच हसते आता.
ओठ जुळले, ब वर अडकले,
ब, ब,
अन् भूपेश तिकडं जाऊन बसला, गालाले गाल लावून,
मोबाईल तसाच समोर.

मी मागून पाहिलं.
काचेत उजवा गाल हसून राहिला होता.

टाकू का आई, म्हणे.
घाम कपाळावरून त्याच्या डोळ्यात,
टिकली अजून नाकाले.
मी म्हटलं,
आधी कूलर लाव.