कोरडं गवत

तुइस्कूच्या खोक्यातलं गवत
रोज सकाळी कुऱ्हाडीच्या पाठीनं फोडावं लागायचं.
बाकीची सतरा कुत्री आपापल्या उबेत,
हिच्याच खाली पिवळट बर्फाची लादी,
आणि त्या लादीत अडकलेले पोटावरचे केस.
चार महिन्यांची पोर.
बसली तरी ओली, उठली तरी ओली,
झोपेत तर टिपूस, टिपूस,
वायसर गेलेल्या नळासारखी.
आई चाटत राहायची. मग तिनंही सोडलं.

सासरे दारात उभे राहून म्हणाले,
आमच्या वेळी अशीला एक काडतूस पुरायचं.
वाईट मनानं नाही.
उद्या उणे तीस होईल म्हणावं, तसं.
मी गाडी सुरू केली.

ओउलूपर्यंत साडेचार तास,
रस्त्यात उभ्या रेनडिअरांसाठी तीनदा ब्रेक.
सात टॉवेल घेतले होते. सातही भिजले.

डॉक्टर हिल्का नेवालाइनेननं
खाद्याच्या पावतीमागे चित्र काढलं:
घेवड्याच्या दाण्यांसारखी दोन मूत्रपिंडं,
दोन नळ्या, खाली एक पिशवी.
नळ्या पिशवीच्या भिंतीत शिरतात,
पण आत उघडत नाहीत,
भिंतीभिंतीनंच सरकत
पार पुढे जाऊन तोंड काढतात.
पिशवी बिचारी रिकामीच.
‘आईच्या पोटातच वळण चुकलं,’ ती म्हणाली.
मला माझे दोन्ही दीर आठवले,
घरावरून जाऊन थेट बारमध्ये उगवणारे.
हसले नाही.

मग पोट उघडलं, पिशवी उघडली,
भिंतीत दडलेल्या नळ्या शोधून
त्यांना आतल्या अंगाला नवी तोंडं पाडली,
केसासारख्या धाग्यानं कडा शिवल्या
आणि पुढच्या चुकीच्या वाटा बांधून टाकल्या.
हे सगळं नंतर कळलं.
तेव्हा मी मशीनची कॉफी पीत
हीटरवर टॉवेल वाळवत होते.
‘सगळ्याच पूर्ण कोरड्या होत नाहीत,’
हेही तिनं सांगितलं, हातमोजे काढता काढता.
‘आत्ताच ऐकून ठेवा.’

चार दिवस गुलाबी लघवी.
गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं, ते दाराला आपटत
ती सगळ्या घराला शिव्या देत फिरली.

नवव्या दिवशी अंगणात गेली.
थांबली. हुंगलं. जागा बदलली.
पुन्हा हुंगलं,
एवढी चिकित्सा कशाला, कोण जाणे,
आणि बसली.
किती वेळ!
आयुष्यात पहिल्यांदाच काही साठलं होतं तिच्यापाशी,
ते ती मनासारखं खर्च करत होती.
बर्फात खोल भोक पडलं, वाफ निघाली.
मी झाडू हातात धरून बघत राहिले,
लोक आकाशातले हिरवे उजेड बघतात तशी.

रात्री अजून कधी दोन थेंब पडतात.
गोळी आहे त्यावर.

काल पहाटे सासरे खोक्याशी वाकलेले दिसले.
मोजा काढून, उघडा हात
गवताखाली पार कोपरापर्यंत.
चाचपलं. पुन्हा चाचपलं.
मग मोजा चढवला,
आणि पाणी तापलं का, एवढंच विचारलं.