लालला चार बोटं कमी

पाटीवर लिहिलंय, शेळगव्हाण.
खाली बारीक अक्षरात
समुद्रसपाटीपासून अमुक इतके मीटर.
समुद्र आमच्यात एकट्या हाजी हसनमियांनी पाहिलेला,
बोटीतून, जाताना आणि येताना.
आम्हाला उंची हवी असायची गंगेपासूनची.
ती सटवाजी सांगायचा.

सटवाजी पुलाचा चौकीदार.
मिरगापासून दसऱ्यापर्यंत त्याचं काम एकच,
चौथ्या खांबाकडं बघत राहायचं.
खांबावर पांढरा पट्टा, वर पिवळा, त्याच्या वर लाल.
तासातासाला फोनची मूठ फिरवायची
आणि ओरडायचं,
"पिवळ्याला दोन वीत कमी!"
पलीकडं कुणीतरी वहीत लिहायचं,
गाडी सोडायचं नाहीतर धरून ठेवायचं.
त्या माणसाचं तोंड सटवाजीनं कधी पाहिलं नाही.

रूळ वर, गाव खाली.
भराव निजामाच्या राज्यातला,
बेलदारांच्या गाढवांनी वाहिलेला.
जिथनं माती काढली ते खड्डे तसेच राहिले
आणि जागा फुकट म्हणून त्यात आम्ही राहिलो.
खड्डेगल्ली. पोस्टमनसुद्धा असंच लिहितो.

त्या साली पाणी नदीकडून आलंच नाही.
मागून आलं, ओढ्यातून, उलट्या पावलानं,
भरावाला येऊन टेकलं
आणि तिथंच चढत राहिलं.
मोऱ्या तीन. एकीत कुणाच्या तरी पऱ्हाट्या अडकलेल्या.
ज्या भरावानं अडवलं
त्याच भरावावर सगळी गल्ली चढली:
शेळ्या, पत्र्याच्या पेट्या,
झुबेदाबीची शिलाई मशीन चौघांच्या खांद्यावर,
आणि मी, हातात एकच चप्पल,
ती का धरली होती अजून कळलेलं नाही.

पूर्णेकडून आलेली पॅसेंजर सिग्नलला उभी होती.
लोकांनी आधी खिडक्या लावून घेतल्या,
मग एकेक उघडली.
एका बाईनं डब्यातल्या दशम्या काढून दिल्या,
म्हणाली, लेकीसाठी चालवल्या होत्या.
गार्डनं सकाळी डायरीत लिहिलं,
गाडी सात तास उभी, प्रवासी सुखरूप.
खरंच होतं.
आम्ही प्रवासी नव्हतो.

आणि पुलावर कंदील घेऊन सटवाजी
मूठ फिरवतच होता,
"लालला एक वीत. चढूलालंय, साहेब.
लालला चार बोटं."
पाठीमागं अंधारात त्याचं घर
कोनाड्यापर्यंत बुडालं होतं.
ते पलीकडून कुणी विचारलं नाही,
वहीत त्याला रकाना नव्हता.

पाणी उतरल्यावर सरूबाईनं चिखल काढला,
भिंतीवर ओल जिथवर होती
तिथं गेरूनं रेघ ओढली.
माझ्या बापाच्या डोक्याच्याही वर होती ती रेघ.

आता रुंद रूळ, नवा पूल.
खांबावर एक डबी बसवलीय,
ती आपोआप कळवते म्हणे.
जुने खांब पाण्यात तसेच,
त्यांवर पाणकावळे पंख वाळवतात.
सटवाजीला ऐकू कमी येतं,
ओरडायची सवय मात्र गेली नाही.

परवा गेलो तर अंकुशला,
मिसरूड फुटलेल्या नातवाला,
रेघेखाली भिंतीला टेकवून उभं केलेलं.
म्हातारा तळवा आडवा धरून
एक डोळा मिटून मोजत होता.
"लालला चार बोटं कमी!"
अंकुश टाचा उचलायला लागला,
तसा सटवाजीनं त्याला खांद्याला धरून
खाली दाबलं.